'दगड' एक, प्रकार अनेक : घरातील दगडी पृष्ठभागांच्या निगेतील काही नेहमीच्या चुका

घरातील फरशी आणि ओटा कसा स्वच्छ करावा, या विषयाकडे भाषेच्या अभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, घरातला दगड बिघडतो तो बहुधा आळसामुळे नव्हे. उलट, ज्या घरात स्वच्छतेची विशेष आस्था असते तेथेच तो लवकर निस्तेज झालेला दिसतो. हात घासू लागतो त्यापूर्वीच, म्हणजे समोरच्या दगडाला आणि त्यावरील डागाला आपण नाव देतो त्या क्षणीच, चूक होऊन गेलेली असते. प्रस्तुत लेखात या नावांचाच थोडा विचार करावयाचा आहे.

दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या माणसाचा 'दगड' म्हणजे मुळात बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे थरावर थर लाव्हा पसरला आणि थिजला. त्याच काळ्या खडकातून आपले पाटे, वरवंटे, जाती, वाड्यांची जोती आणि नदीच्या घाटांच्या पायऱ्या घडल्या. हा खडक सिलिकेट खनिजांचा बनलेला आहे. पाट्यावर चिंच वाटा, कोकम वाटा, लिंबू पिळा. आंबटाने त्याचे काही बिघडत नाही. तो गुळगुळीत होई तो घासण्याने, आणि मग दारावरून टाकी लावणारी बाई गेली म्हणजे तिच्याकडून तो टाकवून घ्यावा लागे. कायम टिकणाऱ्या गोष्टीला मराठीत 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतात. त्या काळ्या दगडाच्या मागे बेसाल्टशी असलेला हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय उभा आहे.

पुढे घरे बदलली. चूल जमिनीवरून ओट्यावर आली आणि ओट्यावर बसला तो कडप्पा. तोही काळा, तोही थंड, तोही हाताला घट्ट. मग त्याला 'काळा दगड' म्हणण्यात कोणाला काय वावगे वाटावे? पण आंध्र प्रदेशातील कडप्प्याच्या परिसरातून येणारा हा दगड चुनखडक आहे, म्हणजे त्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट आहे. आम्लाशी गाठ पडताच कॅल्शियम कार्बोनेट विरघळू लागते आणि कर्बवायू बाहेर पडतो. चिरलेल्या लिंबाची फोड घटकाभर ओट्यावर राहिली, तर उचलल्यावर तेथे फोडीच्याच आकाराचा पांढुरका ठसा दिसतो. घरातील बाई त्याला डाग समजते, आणि डाग काढण्यासाठी पुन्हा लिंबू घेते! पितळेची भांडी चिंचेने लखलखतात, हा अनुभव तिच्या पाठीशी असतो. आणि पितळेपुरता तो अगदी खरा आहे. चिंचेतील आम्ल धातूवर चढलेला काळसर थर विरघळवते आणि खालचा धातू उघडा पडतो. चुनखडकावर मात्र असा वेगळा थर नसतो. तेथे जे विरघळते तो दगडच असतो.

आपल्या फरश्यांची नावे पाहिली तर ती बहुतेक गावांची आहेत. शहाबादी कर्नाटकातील शहाबादची, कोटा राजस्थानातील कोट्याचा, कडप्पा वर सांगितल्याप्रमाणे. ही नावे माल कोठून आला ते सांगतात. तो कशाचा बनला आहे याविषयी मौन पाळतात. म्हणून हे तिन्ही दगड मुळात चुनखडकच आहेत, आणि चौथा जो संगमरवर तोही चुनखडकच उष्णतेने व दाबाने रूपांतरित होऊन बनलेला आहे, हे त्यांच्या नावांतून कळत नाही. 'फरशी' हा शब्द तर आणखी व्यापक. अरबीतील 'फर्श', म्हणजे जे अंथरले जाते ते, हे त्याचे मूळ. सतरंजी असो वा शिळा, अंथरली म्हणजे ती फर्श. (परशूवरून आलेली शस्त्रवाचक 'फरशी' निराळी, तिचा येथे संबंध नाही.) एकाच शब्दाखाली शहाबादी, सिमेंटची फरशी आणि भाजलेल्या मातीची चकाकणारी टाइल अशा सर्वच वस्तू आल्या, आणि एकीला मानवणारे औषध दुसरीवर ओतले जाऊ लागले.

दुकानातील नावे हा गोंधळ वाढवितात. व्यापारात ज्याला 'काळा ग्रॅनाइट' म्हणतात तो पुष्कळदा भूविज्ञानाच्या दृष्टीने डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. या ठिकाणी नावातील चूक फारशी बाधत नाही, कारण तेही कठीण सिलिकेट खडकच होत. राजस्थानात निघणारा 'हिरवा संगमरवर' मात्र बहुधा संगमरवर नसतोच. तो सर्पेंटिनाइट असतो, आणि त्याच्या काही जातींच्या फरश्या पाण्याने वाकतात. नावावर विसंबून त्या ओल्या सिमेंटात बसविणाऱ्यास पुढे त्या कडांनी उचललेल्या दिसतात.

आता 'ॲसिड' या शब्दाकडे वळू. नवी जमीन घातली की तीवरील सिमेंटचे शिंतोडे काढण्यासाठी गवंडी 'ॲसिड' मारतो. हे हायड्रोक्लोरिक आम्ल. पुढे पॉलिश करणारा कारागीर शेवटच्या हाताला पांढरी पूड टाकून यंत्र फिरवितो. तिलाही तो 'ॲसिड'च म्हणतो, आणि ते असते ऑक्झॅलिक आम्ल. दोहोंचे वर्तन सारखे नाही. पहिल्याची चुनखडकाशी क्रिया होऊन बनणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे आम्ल संपेपर्यंत दगड झिजत राहतो. दुसऱ्यापासून बनणारे कॅल्शियम ऑक्झॅलेट जवळजवळ अविद्राव्य असते. ते पृष्ठावरच राहते, आणि घर्षणाची जोड मिळाली म्हणजे चकाकी येते. घरमालक हे सर्व पाहतो आणि 'ॲसिडने फरशी चमकते' एवढेच वाक्य लक्षात ठेवतो. मग शौचकूप साफ करण्याच्या बाटलीतले हायड्रोक्लोरिक आम्ल कोट्याच्या जमिनीवर पडते. पहिल्या दिवशी मळासकट वरचा पापुद्रा निघून जाऊन जमीन स्वच्छ दिसते, आणि महिन्याभरात ती पूर्वीपेक्षा लवकर मळू लागते, कारण खडबडीत झालेल्या पृष्ठात धूळ अधिक धरून राहते. सांध्यातील सिमेंटही हेच आम्ल खाते, ते वेगळेच.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला शब्द म्हणजे 'डाग'. मराठीत तो फार उदारपणे वापरला जातो. हळदीचा डाग, तेलाचा डाग, चहाचा डाग, आणि लिंबाचाही डाग. पहिल्या तिहींत दगडाच्या छिद्रांत काही तरी बाहेरचे शिरलेले आहे. चौथ्यात दगडाचे काही तरी गेले आहे. गुळगुळीत पृष्ठ प्रकाश एका दिशेने परत पाठवितो, म्हणून ते चमकते आणि त्याचा रंग गडद भासतो. तेच पृष्ठ कुरतडले गेले की प्रकाश विखुरतो आणि ती जागा पांढरट दिसते. तेथे काढून टाकण्याजोगे काही उरलेले नसते. तेव्हा एकाला 'डाग' आणि दुसऱ्याला 'झीज' म्हणण्याची सवय लावून घेणे, हा प्रस्तुत लेखकाच्या मते घरगुती उपायांतील पहिला उपाय ठरावा. ओळखण्याची खूण सोपी आहे. उजेडाकडे तोंड करून तिरप्या नजरेने पाहावे : डागाच्या जागी रंग बदललेला असतो पण चकाकी कायम असते, झिजेच्या जागी चकाकीच नाहीशी झालेली असते.

डागावर उपाय ओढून घेण्याचा. तेलकट डागावर खाण्याच्या सोड्याचा किंवा मुलतानी मातीचा दाट लेप द्यावा, वर प्लास्टिकचा कागद झाकून दिवसभर ठेवावा, मग कागद काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. वाळताना तो आतील तेल शोषून घेतो. एकदा देऊन भागेलच असे नाही. ताजमहालाच्या संगमरवरावरील पिवळसर थर काढण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मुलतानी मातीचे जे लेप दिले, त्यांचे तत्त्व हेच. झिजेवर मात्र लेप चालत नाही. तेथे बारीक घर्षकांनी पृष्ठ पुन्हा घासून घ्यावे लागते, आणि ते काम कारागिराचेच.

घासण्याविषयीही दोन शब्द हवेत. मोजच्या काठिण्यमापनात चुनखडकातील कॅल्साइट ३ वर आहे आणि वाळूतील क्वार्ट्झ ७ वर. बाहेरून पायाला लागून आलेली माती न झाडता ओल्या फडक्याने पुसू लागलो, तर ते फडके संगमरवरावर कानसीचे काम करते. म्हणून आधी मऊ केरसुणी, मग ओले फडके. तारेच्या घासणीचे सूक्ष्म कण दगडात अडकून गंजतात. साधा साबण जड पाण्यातील कॅल्शियमशी मिळून चिकट, न विरघळणारा थर करतो. कडप्प्याला तेल चोळण्याची पद्धतही पुष्कळ घरांत आहे. झीज लपते, ओटा काळाभोर दिसतो, आणि आठ दिवसांत त्यावर धूळ बसून खवट वास येऊ लागतो. सौम्य द्रव साबणाचे चार थेंब घातलेले पाणी आणि नंतर साधे पाणी, एवढे रोजच्या कामाला पुरते.

भिंतीलगतच्या फरशीवर पांढरी भुकटी येते तिला आपण 'लोणा' म्हणतो. येथे भाषेने प्रामाणिकपणे कारण सांगून ठेवले आहे : शब्द 'लवण' वरून आला, आणि वस्तूही क्षारच. जमिनीतील ओल क्षार विरघळवून वर आणते, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. तो पाण्याने धुतला की क्षार पुन्हा आत जातात व पुन्हा वर येतात. लोणा कोरड्या ब्रशाने झाडावा आणि ओलीचा उगम शोधावा. कोकणातील जांभ्याच्या भिंतींनाही हेच लागू. तो दगड सच्छिद्र असल्याने ओल त्यात अधिक चढते.

एक चूक मात्र दगडापुरती राहत नाही. आम्लाने फरशी हटत नाही असे दिसताच काहीजण त्यावरच कपड्यांचे ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकतात. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. ही दोन द्रव्ये एका वेळी, एका जागी, किंवा एका बादलीतून कधीही वापरू नयेत. चुकून तसे घडलेच, तर साफ करीत न बसता तत्काळ बाहेर यावे आणि दार-खिडक्या बाहेरून उघडता येतील तेवढ्या उघडाव्यात.

आपल्या घरातील दगड कोणता हे ठाऊक नसेल, तर दुकानदाराच्या नावावर न जाता ओट्याच्या खालच्या, नजरेआडच्या कडेवर लिंबाच्या रसाचा एक थेंब ठेवून पाच मिनिटांनी तो पुसून पाहावा. जागा निस्तेज झाली, तर तो चुनखडकाच्या कुळातला आहे असे धरून चालावे. तशीच चकाकती राहिली, तर तो बहुधा ग्रॅनाइट वा बेसाल्ट आहे. गंज काढण्याच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, आणि ते ग्रॅनाइटलाही खाते. तेव्हा बाटलीवरील घटकांची नावे तेथेही वाचलीच पाहिजेत.