पोर्ट लुईच्या सोळा पायऱ्या

सेवानिवृत्त मंडळींत आगबोटीने जलविहार करण्याची हौस हल्ली बरीच वाढली आहे. चारी धाम झाले, नेपाळ झाले, आता समुद्र, असा क्रम आमच्या जुळे सोलापुरातील घराघरांतूनही ऐकू येतो. या प्रवासाची एक मोठी अडचण अशी की, बोट सकाळी बंदरास लागते आणि सायंकाळी सुटते. मधल्या सात-आठ तासांत एखादे जुने शहर पाहावयाचे म्हणजे काय पाहावे आणि काय सोडावे, हे आधी ठरवून ठेवणे अगत्याचे असते. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई आम्ही अशाच एका मुक्कामात पाहिली. तिकडे जाण्याच्या विचारात असलेल्या वाचकांस उपयोग व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास. हे बेट डच लोकांनी १७१० साली सोडले व १७१५ साली फ्रेंचांनी ते आपल्या ताब्यात घेतले. १७३५ साली आलेला गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने पोर्ट लुईस बंदराचे स्वरूप दिले. त्याचा पुतळा धक्क्यासमोरील चौकात, ताडांच्या दुतर्फा रांगांच्या तोंडाशी, आजही समुद्राकडे पाहत उभा आहे. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. परंतु शरणागतीच्या तहात रहिवाशांचा धर्म, कायदे व रूढी यांस धक्का न लावण्याचे त्यांनी मान्य केले. त्याचा परिणाम असा की, इंग्रजांचे राज्य १९६८ पर्यंत चालले, तरी फ्रेंच भाषा काही गेली नाही. आज तेथे सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये आणि घरचे व बाजारचे बोलणे फ्रेंचपासून बनलेल्या क्रिओल बोलीत, असा त्रिवेणी व्यवहार चालतो.

पाहण्याजोगे पुष्कळ आहे. टेकडीवरील अ‍ॅडिलेड किल्ल्यावरून सारे बंदर दृष्टीच्या टप्प्यात येते. ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ सालची जगप्रसिद्ध टपाल तिकिटे आहेत. उजेडाने रंग उडू नये, म्हणून मूळ तिकिटे ठराविक वेळी काही मिनिटेच प्रकाशात दाखवितात. मध्यवर्ती बाजारात भाजीपाल्याचे ढीग पाहून आपल्या मंडईची आठवण होते. बोटीवरील बहुतेक उतारू मात्र धक्क्याजवळील दुकानांतच रमतात व पिशव्या भरून परत फिरतात. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, त्याच धक्क्यापासून थोड्या अंतरावर 'आप्रवासी घाट' आहे, तो चुकवू नये.

या स्थळाचे जुने नाव 'कुली घाट'. गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास उसाच्या मळ्यांस मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर येथे उतरले. करार पाच वर्षांचा, वेतन महिना पाच रुपये व शिधा. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख हिंदी माणसे या मार्गाने आली. कित्येकांस येथूनच इतर वसाहतींतही पाठविण्यात आले. १८४९ पासून त्यांस याच आवारात उतरवून घेत, नावनिशी नोंदवीत आणि एक-दोन दिवसांत मळ्यांवर धाडीत. पुढे रस्ता काढताना आवाराचा बराच भाग नष्ट झाला. दवाखान्याच्या खोल्या, पहारेकऱ्याची चौकी आणि पाण्यापासून वर चढणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या एवढे उरले आहे. २००६ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा मान दिला.

'आप्रवासी' या शब्दापाशी आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसाचे पाऊल अडते. 'प्रवास' म्हणजे घर सोडून दूर राहणे. त्यास 'आ' हा उपसर्ग लागला की दिशा उलटते आणि बाहेरून येऊन वस्ती करणारा, असा अर्थ होतो. आम्ही सायंकाळी बोटीवर परतणारे प्रवासी; ते मात्र आप्रवासी. करार संपल्यावर काही परत फिरले, पण बहुतेकांची माती तेथेच झाली.

येथे आणखी एक विचार मनात येतो. बौधायनधर्मसूत्रात समुद्रगमन पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणले आहे, आणि तो उत्तरेकडील लोकांचा आचार असल्याचेही त्याच सूत्रात नमूद आहे. मनुस्मृतीत समुद्रयायी ब्राह्मण श्राद्धास वर्ज्य. तरी समुद्रयानात कुशल असलेल्यांनी ठरविलेला व्याजाचा दर प्रमाण मानावा, असेही तीच स्मृती सांगते. गेल्याच्या मागील शतकात विलायतेहून परतलेल्या सुशिक्षितांस प्रायश्चित्त द्यावे की नाही, यावर आपल्या शास्त्रीमंडळींत वाद रंगत होते. त्याच काळात रत्नागिरीकडची गोरगरीब कुटुंबे मुंबई बंदरातून जहाजावर चढत होती. त्यांस व्यवस्था विचारण्यास सवड नव्हती, आणि त्यांच्या प्रायश्चित्ताची चिंताही कोणी केली नाही.

या माणसांनी बरोबर काय नेले? पोथ्या नेल्या असे म्हणवत नाही, कारण बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. त्यांनी नेला तो गणपती, नेली ती आरती, आणि कोकणातील जाखडीचा नाच. तेथे त्यास 'झाकरी' म्हणतात व गणेशोत्सवात तो आजही नाचला जातो. मराठी वंशाचे लोक त्या बेटावर अगदी थोडे. तरी गणेशचतुर्थीस साऱ्या देशाला सुट्टी असते आणि प्राथमिक शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे. नोंदणीच्या कारकुनाने नाव लिहिले, ते पुढे कुळाचे आडनाव झाले. त्यामुळे कोणा पणजोबांचे साधे 'बाबाजी' हे नाव आज फ्रेंच वळणाच्या अक्षरांत साऱ्या घराण्याच्या दारावर झळकते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदवह्या व मजुरांची छायाचित्रे जतन केलेली आहेत. वंशज तेथे येऊन आपले मूळ गाव शोधतात.

सोलापूरकरांस हे नवल वाटण्याचे कारण नाही. मागाच्या धंद्यासाठी तेलंगणातून आलेला आमचा पद्मशाली समाज पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून बाजारात मराठी व घरी तेलुगू बोलतो. भाषा टिकते ती चुलीपाशी आणि देवापुढे. मॉरिशसमधील मराठी घरांत रोजचे बोलणे क्रिओलमध्ये गेले. देवापुढची भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. आमच्या सुशिक्षित घरांत नेमके उलट होऊ लागले आहे. बोलणे मराठीत चालते. परंतु कपाटातील ज्ञानेश्वरी वाचावयास नातवास अक्षरे लावावी लागतात, आणि आरतीचे शब्द मोबाईलच्या पडद्यावर इंग्रजी लिपीत पाहावे लागतात. निरक्षरांनी समुद्रापार जे जपले, ते साक्षरांच्या घरी जागच्या जागी निसटत आहे.

म्हणून जलविहारास जाणाऱ्या कुटुंबांस आमची सूचना आहे की, नातवंडांस बरोबर न्यावे आणि त्या सोळा पायऱ्या त्यांच्याकडून मोजून घ्याव्या. मोजणी मराठीत करावी.