कार्यालयातील माणूस आणि त्याचे मन

कार्यालय म्हटले की टेबले, कपाटे, नस्त्या आणि आवक-जावक नोंदवही डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु या साऱ्यांना चालना देणारा माणूस आपले मन घरी ठेवून कामावर येत नाही, ही गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. दाखला एकच, नियम एकच, शुल्कही एकच. तरीही एका कार्यालयात अर्जदाराला कोणती कागदपत्रे हवीत ते पहिल्याच भेटीत नीट समजते, तर दुसऱ्या कार्यालयातून तो ‘उद्या या’ एवढेच ऐकून परततो. रोजंदारीवर पोट असणाऱ्याला अशा प्रत्येक खेपेची किंमत एका दिवसाच्या मजुरीने मोजावी लागते. म्हणूनच कर्मचाऱ्याची वृत्ती ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही.

हॉथॉर्नचा धडा

या विषयाचा शास्त्रीय विचार ज्या प्रयोगांमुळे सुरू झाला, ते अमेरिकेत शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झाले. प्रारंभी प्रश्न साधा होता : दिव्यांचा प्रकाश वाढविल्यास उत्पादन वाढते काय? आश्चर्य असे की, ज्या गटाचा प्रकाश वाढविला नव्हता, त्याचेही काम वाढले. १९२७ पासून टेलिफोनचे सुटे भाग जुळविणाऱ्या काही स्त्री-कामगारांना स्वतंत्र खोलीत बसवून विश्रांतीच्या व कामाच्या वेळांत बदल करण्यात आले. प्रत्येक बदलापूर्वी त्यांच्याशी चर्चा होत असे. त्यांचे उत्पादन एकंदरीत वाढत गेले. पुढे २०,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. हार्वर्ड विद्यापीठाचे एल्टन मेयो यांनी या साऱ्यातून असा निष्कर्ष काढला की, आपल्याकडे कोणी लक्ष देते आणि आपले म्हणणे ऐकून घेते, ही जाणीव माणसाच्या कामाला बळ देते.

याच कारखान्यात १४ पुरुष कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण १९३१-३२ मध्ये करण्यात आले, तेव्हा दुसरी बाजूही दिसली. दिवसाला किती काम करावयाचे हे त्या गटाने आपसांत ठरविले होते. जास्त काम करणाऱ्यालाही गटाचा रोष सहन करावा लागे. पुढील अभ्यासकांनी या प्रयोगांतील अल्प संख्या, मध्येच बदललेले कामगार आणि मोबदल्याची बदललेली पद्धत यांवर बोट ठेवले. तेव्हा गोड बोलण्याने सारे साधते, असा अर्थ यातून काढणे चूक ठरेल. वेतन, सोयी व पुरेसे मनुष्यबळ यांची जागा सहानुभूती घेऊ शकत नाही.

हसऱ्या चेहऱ्याचे श्रम

१९८३ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. मनात काहीही असले तरी चेहरा प्रसन्न ठेवणे हेही श्रमच आहेत आणि त्यांचाही थकवा येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. खिडकीवर दिवसभर तक्रारी ऐकणारा लिपिक, रुग्णांच्या नातेवाईकांना धीर देणारी परिचारिका आणि भरलेल्या वर्गापुढे उभा राहणारा शिक्षक यांना हा अनुभव नवा नाही. दोन टेबलांचे काम एकाच कर्मचाऱ्याकडे आले की तुटकपणा वाढतो, त्याचे मूळ पुष्कळदा याच थकव्यात असते.

कायदा आणि वृत्ती

महाराष्ट्रात शासकीय विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम २००५ चा असून, त्यानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, अशी अपेक्षा आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना दिला; अर्ज नाकारल्यास कारणे लेखी देणे बंधनकारक केले आणि अपिलाची सोयही केली. कायदा दिवस मोजू शकतो. आवाजातील रुक्षपणा मात्र त्याला मोजता येत नाही. ते काम कार्यालयप्रमुखाचे आहे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. कामाची वाटणी न्याय्य असावी. चूक दाखवावयाची ती एकांतात, आणि चांगल्या कामाची दखल घ्यावयाची ती सर्वांसमक्ष. खिडकीवरील कर्मचारी आळीपाळीने बदलावा. लागणाऱ्या कागदपत्रांची यादी ठळक अक्षरांत दर्शनी भागात लावावी, म्हणजे निम्मे वाद तेथेच मिटतील. मासिक बैठकीत आकड्यांच्या आढाव्याबरोबरच कर्मचाऱ्यांच्या अडचणींसाठीही थोडा वेळ राखावा. शाळेतील मुख्याध्यापक आणि गावचे सरपंच यांनाही हीच दृष्टी उपयोगी पडेल.

ज्याचे म्हणणे वरिष्ठ ऐकून घेतात, तो कर्मचारी खिडकीपलीकडच्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याचा संभव अधिक असतो. शासनाची ओळख सामान्य माणसाला राजपत्रातून होत नाही, ती त्या खिडकीवर होते.