आजारी मूल आणि पाळणाघर

पाठपरिचय

रोजीरोटीसाठी घराबाहेर पडणाऱ्या आईवडिलांना आपले मूल दिवसभर दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. अनेक मुले एका ठिकाणी आली की त्यांच्याबरोबर आजारही येतात. अशा वेळी पाळणाघराने काय करावे, पालकांनी काय करावे आणि दोघांनी परस्परांशी कसे वागावे, याचा विचार या माहितीपर पाठात केला आहे.

मूळ पाठ

एकत्र कुटुंबात आजी, आत्या किंवा मोठी बहीण लहान मुलाला सांभाळत असे. कामाच्या शोधात माणसे गाव सोडून शहरात आली आणि हा आधार तुटला. मुलांना सांभाळण्याची व्यवस्था समाजाने उभी करावी, हा विचार मात्र आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेल्या कार्यातून अंगणवाडीची कल्पना आकारास आली. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत फिरते पाळणाघर सुरू केले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन, पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले.

मुले वारंवार आजारी का पडतात?

पाळणाघरात घातल्यावर पहिल्या काही महिन्यांत मूल वरचेवर आजारी पडते. पालकांना वाटते, येथे स्वच्छता नाही. सांभाळणाऱ्या मावशींना वाटते, घरी काळजी घेत नाहीत. बहुधा दोघांचाही दोष नसतो. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये बाळाच्या शरीरातून हळूहळू कमी होतात आणि त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. त्यातच मुले एकमेकांना बिलगतात, एकाचे खेळणे दुसरा तोंडात घालतो, नाक हाताने पुसतो आणि तोच हात ताटात जातो.

रोगजंतू मुख्यतः तीन वाटांनी पसरतात. खोकताना व शिंकताना उडणाऱ्या थेंबांतून आणि हवेतून सर्दी, गोवर, कांजिण्या पसरतात. विष्ठेतील जंतू हातांवाटे तोंडात गेले की जुलाब आणि एका प्रकारची कावीळ होते. प्रत्यक्ष स्पर्शाने किंवा एकच टॉवेल वापरल्याने खरूज होते, डोळे येतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. गोवराचे पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासूनच ते मूल इतरांना संसर्ग देऊ शकते. कांजिण्यांमध्येही पुरळापूर्वी एकदोन दिवस हीच स्थिती असते. म्हणजे मूल आजारी दिसू लागते, तोवर आजार पुढे गेलेला असतो. म्हणून केवळ आजारी मुलाला बाहेर ठेवल्याने संसर्ग थांबत नाही. खरे संरक्षण रोजच्या सवयींत आणि वेळेवर केलेल्या लसीकरणात असते.

रोजच्या सवयी

१८४७ साली व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी सहकाऱ्यांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पाळणाघरातही हात धुणे हाच पहिला उपाय आहे. लंगोट बदलल्यावर, मुलाचे नाक पुसल्यावर, स्वयंपाकापूर्वी व मुलाला भरवण्यापूर्वी साबणाने हात धुतलेच पाहिजेत. मुलांचे इवलेसे हातही तितक्याच काळजीने धुवावेत. लंगोट बदलण्याची जागा आणि जेवणाची जागा वेगवेगळी असावी. प्रत्येकाचा टॉवेल, पेला व चमचा स्वतंत्र असावा. तोंडात घातली जाणारी खेळणी रोज धुवावीत आणि खोलीत वारा खेळता असावा. मुलाला प्रवेश देतानाच त्याचे लसीकरणाचे कार्ड पाहावे. एखादी लस राहिली असल्यास पालकांना दोष न देता जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता व लसीकरणाचा वार सांगावा.

घरी कोणाला ठेवावे?

नाक वाहते, पण मूल खेळते, खाते-पिते आणि त्याला ताप नाही, तर त्याला घरी ठेवण्याची गरज नाही. तापलेल्या मुलाने मात्र घरीच विश्रांती घ्यावी आणि औषध न देता चोवीस तास ताप आला नाही, म्हणजे परत यावे. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत आणि गोवराचे पुरळ उठल्यानंतर किमान चार दिवस मुलाला इतरांपासून दूर ठेवावे. जुलाब व उलट्या पूर्ण थांबल्याशिवाय त्याला पाठवू नये.

मूल पाळणाघरातच आजारी पडले, तर त्याला शांत कोपऱ्यात निजवावे, पालकांना कळवावे आणि ते येईपर्यंत एकटे सोडू नये. जुलाब होत असल्यास जलसंजीवनीची संपूर्ण पुडी एक लिटर पिण्याच्या स्वच्छ पाण्यात विरघळवावी. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप पाणी चमच्याने पाजावे. स्तनपान व नेहमीचा आहार चालू ठेवावा. उरलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावे.

या साध्या पेयाची थोरवी १९७१ साली दिसून आली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोड्याचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजले. पाजण्याचे काम बरेचसे रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. जवळ बसून घोटघोट पाणी पाजणारे माणूस जीव वाचवू शकते, हे त्या छावणीने दाखवून दिले.

काही लक्षणे दिसताच मात्र क्षणाचाही विलंब न करता मुलाला रुग्णालयात न्यावे. मूल काहीच पीत नसेल, सारे उलटून टाकत असेल, त्याला झटके आले असतील किंवा ते गुंगीत असेल, तर तो धोका समजावा. खोकला असल्यास मूल शांत असताना एक मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास पन्नास किंवा अधिक, अथवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, म्हणजेच पोट उडणे, हेही गंभीर लक्षण आहे.

कोणतेही औषध डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची लेखी संमती असल्याशिवाय पाळणाघरात देऊ नये. एकाचे औषध दुसऱ्याला तर कधीच देऊ नये.

परस्परांवरील विश्वास

हे सर्व नियम कागदावर सोपे वाटतात. परंतु रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा एक दिवस बुडाला, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अशी आई सकाळी मुलाला तापाचे औषध पाजते आणि काही न सांगता कामावर जाते. दुपारी औषधाचा अंमल उतरतो आणि मूल पुन्हा तापते. तिला खोटारडी ठरवणे सोपे आहे. पण त्या लपवण्यामागे चूल पेटती ठेवण्याची चिंता असते. नियम जितका कठोर व अपमानकारक, तितकी लपवाछपवी अधिक आणि तितकाच सर्व मुलांना असलेला धोकाही अधिक.

म्हणून पाळणाघराने क्षुल्लक कारणासाठी पालकांना कामावरून बोलावू नये. असे केले, तरच खऱ्या संकटात पाठवलेल्या निरोपाची किंमत राहते. मुलाला आत घेताना ‘रात्री ताप होता का? औषध दिले का? कधी दिले?’ हे आपुलकीने विचारावे आणि उत्तर नोंदवहीत लिहावे. साथ आल्यास सर्व पालकांना कळवावे, पण आजारी मुलाचे नाव जाहीर करू नये. पालकांनीही आजारपणाच्या दिवसांची तजवीज आधीच करून ठेवावी. अशी रजा नेहमी आईनेच घ्यावी असे नाही. ती वडिलांनीही वाटून घ्यावी. आजारी मूल हे कोणाचाही अपराध नाही. त्याच्याविषयीचे सत्य निर्भयपणे सांगता येते, तेच पाळणाघर खऱ्या अर्थाने सुरक्षित होय.

शब्दार्थ

आस्थापना – कारखाना, कार्यालय, दुकान यांसारखे कामाचे ठिकाण
पटकी – कॉलरा
जलसंजीवनी – जुलाबात द्यावयाचे क्षार व साखर यांचे मिश्रण
तजवीज – व्यवस्था

स्वाध्याय

१. आजारी मुलाला दूर ठेवल्यानेच संसर्ग का थांबत नाही, ते सांगा.
२. ‘नियम जितका कठोर, तितकी लपवाछपवी अधिक’ या विधानाबाबत तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
३. तुमच्या परिसरातील अंगणवाडीला किंवा पाळणाघराला भेट द्या आणि तेथील हात धुण्याच्या सोयीविषयी टिपण तयार करा.