निखळलेला खुबा आणि फुटलेला गोळा : वैद्याचे पहिले कर्तव्य

वाकोल्यावरून पश्चिम द्रुतगती महामार्ग जातो. अशा मार्गावर मोटारीची समोरून धडक झाली, की पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो आणि तो आघात ऊर्वस्थीतून खुब्यापर्यंत पोहोचतो. सांधा बहुधा मागे निखळतो. काही वेळा ऊर्वस्थीच्या शिराचा, म्हणजे गोळ्याचा, तुकडाही उडतो. पाय आखूड व आत वळलेला दिसतो.

सुश्रुताचार्यांनी भग्नाचे सन्धिमुक्त व काण्डभग्न असे दोन भेद सांगितले. पहिल्याचे 6, दुसऱ्याचे 12 प्रकार. येथे सांधा सुटणे व अस्थी फुटणे एकत्र घडते. आंछन, पीडन, संक्षेप व बंधन हे उपक्रम आणि कपाटशयन आपण अभिमानाने सांगतो. परंतु कटीतील कपालास्थी फुटणे, तेथील सांधा सुटून स्थानभ्रष्ट होणे, जघनभाग पिष्ट होणे, यांस त्याच आचार्यांनी वर्ज्य म्हटले आहे, हेही विसरू नये.

पिपकिन यांनी 1957 मध्ये या भग्नाचे चार प्रकार मांडले. तिसऱ्यात ऊर्वस्थीची मानही मोडलेली असते. क्ष-किरण चित्राविना पाय ओढल्यास मानेचा भंग सरकतो व गोळ्याचा उरलासुरला रक्तपुरवठा तुटतो. म्हणून आंछन करावयाचे ते चित्र पाहून, भूल देऊन, रुग्णालयातच. सांधा शक्यतो 6 तासांच्या आत बसावा. विलंबाने गोळ्याची अस्थी मृत होण्याचा धोका वाढतो. सांधा बसल्यावर सीटी स्कॅन करून तुकड्याची स्थिती पाहतात व शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात.

अशा रुग्णास लेप लावू नये, पाय ओढू नये. आहे त्याच स्थितीत आधार द्यावा, पाऊल हलते का व संवेदना आहे का हे पाहून नोंदवावे, तोंडाने काही देऊ नये आणि 108 क्रमांकास कळवावे. औषधालयचालकांनीही अशा वेळी केवळ तेल देऊन नातेवाइकांची बोळवण करू नये.

आपले कार्य त्यानंतर सुरू होते. शल्यचिकित्सकाच्या संमतीने लाक्षादी गुग्गुळ, बल्य आहार व पुढे हलका अभ्यंग योजावा. जोराचे मर्दन टाळावे. त्याने स्नायूंत अस्थी निर्माण होण्याची भीती असते. पायावर भार देण्याची घाई नको. काही महिन्यांनी, कधी दोन वर्षांनीही, जांघेत वेदना सुरू झाल्यास ती संधिवात समजून औषधे देत बसू नये, एमआरआय करवावा.

वेळीच पाठवलेला रुग्ण पुढे आपल्याकडेच चालत येतो. साध्यासाध्यविवेक हीदेखील चिकित्साच होय, असे आम्ही मानतो.