वसमतच्या रस्त्यावर पायी चालणारा माणूस: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अपघाताची बातमी आली की चहाच्या हॉटेलात आणि मोंढ्यात दोन वाक्ये ठरलेली असतात. एक, 'त्याची वेळच भरली होती.' दुसरे, 'तो मधेच आडवा आला, गाडीवाला तरी काय करणार?' पहिल्या वाक्याने सगळेच सुटतात आणि दुसऱ्याने मेलेला माणूस तेवढा अडकतो. गाडीचा वेग किती होता, रस्ता ओलांडायला जागा होती का, दिवे चालू होते का, हे कुणी विचारत नाही.

हे प्रश्न विचारायची गरज वसमतला जास्त आहे. कल्याणहून अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), परभणीमार्गे नांदेड आणि पुढे तेलंगणातल्या निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ वसमतवरून जातो. जुन्या माणसांच्या तोंडी त्याचा २२२ हा आकडा अजून आहे. उत्तरेकडचा रस्ता औंढा नागनाथला जातो, त्यामुळे श्रावणात आणि महाशिवरात्रीला भाविकांच्या गाड्यांची रीघ लागते. गळीत हंगामात पूर्णा कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद बाजारात येते. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मालाची ने-आण याच रस्त्यांवरून होते. मालट्रक, एसटी, पिकअप, ऑटो, सायकलवरची शाळकरी पोरे आणि डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई, सगळ्यांच्या वाट्याला एकच डांबर येते.

देशाचे चित्र आधी पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतले ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे जवळपास दर पाच मृतांमागे एक. एकट्या महाराष्ट्रातल्या मृतांची संख्या १५ हजारांवर होती. देशातले सुमारे दोन तृतीयांश बळी ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर गेले, तेव्हा हा मुंबई-पुण्याचा प्रश्न आहे असे समजून तालुक्याच्या गावाला मोकळे होता येणार नाही.

'चूक पायी चालणाऱ्याचीच असते'

रस्त्यावर पहिला हक्क गाडीचा, ही समजूत इतकी मुरली आहे की पायी चालणारा स्वतःच अंग चोरून चालतो. कायदा मात्र वेगळे सांगतो. मोटार वाहन चालवण्याविषयीचे केंद्राचे नियम २०१७ मध्ये नव्याने आले. झेब्रा पट्ट्यांशी आल्यावर वेग कमी करणे, गरज पडल्यास थांबणे आणि ओलांडणाऱ्याला आधी जाऊ देणे ही त्या नियमांनुसार चालकाची जबाबदारी आहे. पट्टे पुसले गेले असतील तर तो दोष नगरपरिषदेचा किंवा रस्त्याची मालकी असलेल्या खात्याचा. ओलांडणाऱ्या आजीबाईंचा नाही.

माणसे डांबरावरून का चालतात, याचे उत्तर साइडपट्टीवर पाहिले की मिळते. दुकानाची पायरी पुढे सरकलेली, तिच्यापुढे फलक, त्यापुढे लावलेल्या मोटारसायकली आणि उरलेल्या जागेत उघडी नाली. चालणाऱ्याला रस्त्यावर उतरण्यावाचून गत्यंतर नसते. भारतीय रस्ते महासभेच्या मानकांनुसार वस्तीच्या भागात पदपथाची चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि बाजारपेठेत त्याहून जास्त. दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकतील किंवा चाकाची खुर्ची जाऊ शकेल, असा हिशेब त्यामागे आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि अपंगांनाही चालता येतील असे पदपथ करण्याबाबत राज्यांना बजावले. नगरपरिषदेकडे पदपथ मागणारा नागरिक म्हणजे मेहेरबानी मागणारा नव्हे.

इथेच आणखी एक गैरसमज डोके वर काढतो: हातगाडेवाले उठवले की प्रश्न मिटेल. मला हे अन्यायाचे वाटते. भाजीचा गाडा दिसतो म्हणून डोळ्यांत खुपतो, पण दिवसभर उभी असलेली चारचाकी त्याहून जास्त जागा अडवते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने विक्रीच्या जागा ठरवायच्या असतात. जागा ठरवून द्या, मग पदपथ मोकळा मागा. आधी गाडे उलथून टाकणे हा मार्ग नव्हे.

'गावात कुठे वेग असतो? पन्नासनेच तर चालवतो'

हा सगळ्यात घातक गैरसमज आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समोर कुणी आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकची गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर त्या सेकंदात ती सुमारे ८ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ६ मीटरांत थांबते. म्हणजे एकूण १४ मीटर. तीच गाडी ५० ने जात असेल तर पहिल्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर गेलेली असते. तीसवाली गाडी जिथे थांबली, तिथे पन्नासवालीचा ब्रेक लागायला नुकती सुरुवात होते. ती थांबायला एकूण ३० मीटर लागतात. चौदा मीटरवर एखादे पोर चेंडूमागे रस्त्यात आले असेल, तर पहिली गाडी त्याच्यापाशी थांबेल आणि दुसरी त्याला पुऱ्या वेगाने धडकेल. दोन्ही चालक तेवढेच सावध, दोघांची नजर तेवढीच चांगली. फरक फक्त वेगातल्या विसाचा.

धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ३० वरून ६० वर गेलेला आघात दुप्पट नव्हे, चौपट होतो. माणसाची हाडे आणि कवटी तीच राहते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या पोलीस नोंदींतही २०२२ मधल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे अतिवेग हेच कारण लिहिलेले आहे.

म्हणून फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, पायी चालणारे आणि वाहने जिथे मिसळतात तिथे ताशी ३० ही कमाल मर्यादा असावी, असे म्हटले गेले. हे परदेशी स्वप्न वाटेल, तर फिनलंडची राजधानी हेलसिंकी पाहा. साडेसहा लाखांहून अधिक वस्तीच्या त्या शहरात जुलै २०२४ ते जुलै २०२५ या काळात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही आणि तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. आपल्याकडेही वाहनांचा वेग कमी ठेवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ ने राज्य सरकारला दिलेला आहे. शाळा, बसस्थानक आणि बाजार यांच्या आसपास तो वापरायला कुणाची आडकाठी नाही.

'खड्डे बुजले, रस्ता रुंद झाला की अपघात थांबतील'

खड्डे बुजलेच पाहिजेत, दुचाकीवाल्यांसाठी ते सापळेच आहेत. पण २०२२ मध्ये खड्ड्यांच्या नावावर नोंदले गेलेले मृत्यू १,८५६, म्हणजे एकूण मृत्यूंच्या एक टक्क्याच्या आसपास. दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले आणि जवळपास तीन चतुर्थांश स्वच्छ हवामानात. दिवसातली सगळ्यात वाईट वेळही मध्यरात्र नव्हे. सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान होतात. बाजार उरकून माणसे घरी निघालेली, उजेड गेलेला, दिवे धड लागलेले नाहीत, अशी ती वेळ असते.

रुंद आणि गुळगुळीत रस्ता चालकाला वेग देतो आणि चालणाऱ्याचा ओलांडायचा पल्ला वाढवतो. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. सात मीटरचा रस्ता ओलांडायला त्याला सहा सेकंद लागतात. काठी टेकत चालणाऱ्या वृद्धाचा वेग ०.८ मीटर धरला आणि रस्ता चौदा मीटरचा झाला, तर साडेसतरा सेकंद. तेवढ्यात ताशी ५० ची गाडी जवळपास पाव किलोमीटर येते. रस्त्यावर पाय ठेवताना आजोबांना ती दूर दिसली होती. मधोमध पोचेपर्यंत ती अंगावर आली. 'मधेच आला' असे आपण म्हणतो तो बहुधा असा मधे अडकलेला असतो. म्हणून रुंदीकरणाबरोबर मध्यभागी थांबायला सुरक्षित जागा, म्हणजे उघड्या वाटेचा दुभाजक, मागायला हवी. अर्धा रस्ता ओलांडायचा, थांबायचे, मग उरलेला.

गतिरोधकाचेही तसेच. लोक अपघातानंतर रात्रीतून मातीचा, काँक्रीटचा उंचवटा घालतात. राग समजतो, पण रंग नसलेला, फलक नसलेला तो उंचवटा दुसऱ्या रात्री एखाद्या दुचाकीवाल्याचा घात करतो. मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाईदार असतो, त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडे इशाऱ्याचा फलक असतो. पाठीचा कणा हलवणारा अरुंद उंचवटा या मापात बसत नाही.

'आमचा चौक ब्लॅक स्पॉटच्या यादीत नाही'

राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, की तो पट्टा ब्लॅक स्पॉट ठरतो. म्हणजे यादीत येण्यासाठी आधी माणसे मरावी किंवा गंभीर जखमी व्हावी लागतात. ज्या चौकात रोज थोडक्यात निभावते, तो या यादीत कधीच दिसत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जण दगावले होते. तिथे धोकादायक जागा एकेक करून शोधल्या, उभ्या ट्रकांचा बंदोबस्त केला, कठड्यांची टोके दुरुस्त केली, वेगावर कारवाई केली आणि २०१९ मध्ये हा आकडा ९२ वर आला. नशिबाचा खेळ असता तर तो असा खाली आला नसता.

'जखमीला हात लावला की पोलीस आणि कोर्ट मागे लागते'

हा गैरसमज सरळ जीव घेतो. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे कायम केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे.

१०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला बऱ्याचदा पुढे नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे बघ्यांनी वाया घालवू नयेत. मानेला मार असेल तर खांद्याला धरून ओढत रिक्षात कोंबू नये. खर्चाची धास्तीही थोडी कमी झाली आहे: केंद्राच्या मे २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळतात. ठोकर देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे जातो. गरीब घरांपर्यंत ही माहिती पोचत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

दोन गोष्टी थोडक्यात. पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे. पाठीमागून येणारी गाडी दिसत नाही. आणि 'पोरगं गल्लीतच तर फिरवतं' म्हणून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला कलम १९९-अ नुसार २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते.

ट्रॅक्टर-ट्रॉली माणसे न्यायला सुरक्षित आहे, हा समज खोटा असल्याचे तर आपण खूप महाग किमतीला शिकलो आहोत. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात शेतमजूर महिला नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळून मरण पावल्या. ट्रॉली मालासाठी असते, तिच्यात बसलेल्या माणसाला धरायला काही नसते. मजुरांना कामावर नेण्यासाठी दुसरे वाहन द्यायची जबाबदारी कामावर बोलावणाऱ्याची आहे. हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा हवाच. अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली दुचाकीवाल्याला धडकेच्या क्षणीच दिसते.

पुढच्या वेळी निवेदन द्याल तेव्हा 'अपघात थांबवा' एवढेच लिहू नका. कोणत्या चौकात झेब्रा पट्टे हवेत, कोणत्या शाळेपुढे ३० ची मर्यादा, किती मीटर पदपथ, कोणते दिवे बंद आहेत, हे मापांसह लिहा. एक प्रत नगरपरिषदेला, एक रस्त्याची मालकी असलेल्या खात्याला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या आणि तिन्हींची पोच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमची पोच घेतलेली प्रत त्या वेळी पुरावा ठरेल.