एक्कावन्न किलोंची निकोला

8 ऑगस्ट 2012. लंडनच्या एक्सेल सभागृहात ऑलिंपिकची उपांत्य लढत होती. एका कोपऱ्यात आपली मेरी कोम, दुसऱ्या कोपऱ्यात लीड्सची निकोला ॲडम्स. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींची त्या दुपारी चांगलीच पंचाईत झाली. आमच्या घरी आम्ही दोघं मेरीच्या बाजूचे, तर इथेच जन्मलेली मुलं निकोलाच्या! चहा निवला तरी कुणाला भान नव्हतं. मेरीची तोवरची पाचही जागतिक सुवर्णपदकं हलक्या वजनगटांतली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना तीनच गट दिल्यामुळे तिला 51 किलोंत, म्हणजे फ्लायवेटमध्ये, खेळावं लागलं. निकोला 11-6 ने जिंकली आणि आम्ही जरा हिरमुसलो. पुढे तिची हकिगत वाचली, तेव्हा मुलांची निवड काही वाईट नव्हती असं वाटलं.

निकोलाचा जन्म 1982 चा. ती बारा वर्षांची असताना आईला एरोबिक्सला जायचं होतं, पण मुलांना सांभाळायला कुणी मिळेना. (ही अडचण आपल्याला काय नवीन आहे?) म्हणून आई मुलांनाही घेऊन गेली. तिथे मुलांचा बॉक्सिंगचा वर्ग होता, आणि पोरगी तिथलीच झाली. तेराव्या वर्षी तिने पहिली लढत जिंकली. दुसरी मिळायला मात्र चार वर्षं गेली, कारण समोर उभी राहायला मुलगीच नव्हती! ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या हौशी बॉक्सिंगवरची बंदीच मुळी 1996 साली उठली.

2001 मध्ये इंग्लंडतर्फे लढणारी ती पहिली स्त्री ठरली. 2007 ला युरोपियन रौप्य, 2008 ला जागतिक रौप्य. पण या खेळात स्त्रियांना ना पैसा, ना मान. पोटासाठी तिने बांधकामावर मजुरी केली, टीव्ही मालिकांतल्या गर्दीत उभी राहिली. 2009 मध्ये जिन्यावरून पडून पाठ दुखावली आणि ती कित्येक महिने अंथरुणाला खिळली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बातमी आली, की लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचं बॉक्सिंग असेल. तेव्हा ती 26 वर्षांची होती.

2010 आणि 2012 च्या जागतिक अंतिम फेऱ्यांत तिला चीनच्या रेन चानचानने हरवलं होतं. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत समोर तीच! निकोलाने दुसऱ्या फेरीत तिला खाली पाडलं आणि 16-7 ने सामना जिंकला. ऑलिंपिकच्या इतिहासात बॉक्सिंगचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली स्त्री. 2016 साली रिओमध्ये तिने हे पदक राखलं. ब्रिटिश बॉक्सरला हे 1924 च्या हॅरी मॅलिननंतर प्रथमच जमलं.

2017 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ती व्यावसायिक झाली. वजन तेच, पण खेळ वेगळा: डोक्याला संरक्षक टोप नाही, हातमोजे हलके, फेऱ्या जास्त. पाच लढती तिने जिंकल्या. 2018 मध्ये डब्ल्यूबीओचा हंगामी किताब मिळाला आणि 2019 मध्ये मधली लढत न होताच तो पूर्ण किताब झाला. सप्टेंबरमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मेक्सिकोच्या मारिया सालिनासशी तिची बरोबरी झाली. नोव्हेंबरमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. डोळ्याच्या बाहुलीला इजा झाली होती. आणखी एक ठोसा बसला तर दृष्टी कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा लढती, एकही पराभव नाही, आणि सारा कारभार अडीच वर्षांत आटोपला.

कुणी म्हणेल, एवढ्याशा व्यावसायिक कारकिर्दीचं काय कौतुक? पण तिची उमेदीची वर्षं खेळण्याआधी खेळायची परवानगी मिळण्यातच गेली, हे विसरून कसं चालेल?

लीड्सला जाणं झालं तर कुक्रिज स्ट्रीटवरची टपालपेटी जरूर बघा. तिच्या पहिल्या सुवर्णपदकासाठी ती सोनेरी रंगवली आहे. बरोबर मुली असतील तर त्यांना ही गोष्ट तिथेच उभं राहून सांगा.