ड्रमवरची लाल चौकट वाचायला शिकताना

रसायनाच्या धोक्याची माहिती कामगारापर्यंत दोन मार्गांनी येते. एक, ड्रमवरचे लेबल. दुसरा, मालासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक. कारखान्यात त्याला ‘एमएसडीएस’ म्हणतात. ही माहिती फाइलमध्ये असणे वेगळे आणि ती कामगाराला ऐन वेळी वापरता येणे वेगळे.

संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जीएचएस’ पद्धतीत लाल कडेच्या चौकटीतली नऊ चिन्हे आहेत. त्यांतली काही सहज चकवतात. नुसती ज्वाळा म्हणजे पदार्थ पेट घेणारा. वर्तुळावरची ज्वाळा म्हणजे दुसऱ्याची आग भडकवणारा. म्हणून हे दोन ड्रम शेजारी ठेवायचे नसतात. आकड्यांतही गफलत होते. जीएचएसमध्ये श्रेणी 1 सर्वांत घातक. टाक्यांवर दिसणाऱ्या निळ्या-लाल-पिवळ्या अमेरिकी चौकटीत मात्र 4 सर्वांत घातक.

माहितीपत्रकाचे 16 विभाग असतात. ते सगळे पाठ असण्याची गरज नाही. चौथ्यात प्रथमोपचार, पाचव्यात आग विझवण्याची रीत, सहाव्यात सांडल्यावर काय करायचे, आठव्यात हातमोजे व मास्क कोणते, दहाव्यात कशाशी संयोग टाळायचा, एवढे सापडले तरी मोठे काम होते.

भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती उघड करणे मालकावर बंधनकारक झाले आणि ती मागण्याचा व प्रशिक्षण घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला. घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनी माहितीपत्रक, लेबल आणि प्रशिक्षण यांची जबाबदारी आणखी स्पष्ट केली.

महाराष्ट्रात तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे-परशुराम हे रासायनिक उद्योगाचे पट्टे. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी झालेल्या स्फोटांत कामगारांचे बळी गेले. असे अपघात केवळ प्रशिक्षणाने टळत नाहीत. त्यासाठी यंत्रणा, देखभाल आणि तपासणीही चोख लागते. पण गळती प्रथम दिसते ती वॉल्व्हजवळच्या माणसाला. तो बहुधा ठेकेदाराचा कामगार असतो. त्याची भाषा मराठी, हिंदी किंवा भोजपुरी, आणि पत्रक इंग्रजीत.

त्यामुळे चांगले प्रशिक्षण कामगाराच्या भाषेत आणि तो रोज हाताळतो त्याच ड्रमापाशी होते. पाळी सुरू होताना दहा मिनिटे एकच रसायन घ्यावे. आम्ल पातळ करताना ते पाण्यात हळूहळू सोडायचे, पाणी आम्लात ओतायचे नाही, हे करून दाखवावे. शेवटी सही घेऊन थांबू नये. ‘हे डोळ्यात उडाले तर काय करशील?’ असे विचारावे आणि कामगाराला ते करायला लावावे.

हे शिक्षण कारखान्यापुरते नाही. चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये किंवा हिंजवडीत स्वच्छतागृहे धुणाऱ्या कामगारांच्या हातीही रसायने असतात. आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र केले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. मोठ्या कॅनमधला द्रव पाण्याच्या जुन्या बाटलीत भरला की लेबल मागेच राहते आणि पुढच्या माणसाला धोका कळत नाही.

प्रशिक्षण झाले की नाही, हे हजेरीपटावरून ठरत नाही. कामगार ड्रमाकडे पाहून धोका आणि पहिली कृती न अडखळता सांगू शकला, तरच ते झाले असे म्हणावे.